चौकटींत बसणारा शब्द

इंग्रजी कोशकारानें आपल्या भांडाराला एकच दरवाजा ठेविला आहे. तो म्हणजे शब्दाचें पहिलें अक्षर. तें ठाऊक असेल तर पुढची वाट सरळ आहे. परंतु शब्द सहा अक्षरांचा असून तिसऱ्या जागीं 'आर' व शेवटीं 'टी' आहे, एवढाच ज्याच्याजवळ पुरावा, त्यानें कोठून शिरावें? डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ सालच्या प्रसिद्ध कोशांतहि त्याला वाट नाहीं. त्याला स्मरणाचे कोनेकोपरे धुंडाळावे लागतात. मग 'फॉरेस्ट' सांपडतो, 'मार्केट' सांपडतो, 'पॅरट' सांपडतो. तिन्ही शब्द अटींत बसतात. आणखी एखादें अक्षर हातीं आल्यावांचून त्यांचा निवाडा व्हावयाचा नाहीं.

असल्या शोधाला इतिहास तो कसला, अशी शंका कोणी घेईल. शंका जुनी आहे. १९२४ च्या नोव्हेंबरांत 'न्यूयॉर्क टाइम्स' या भारदस्त पत्रानें असेच ताशेरे झाडले होते. नेमलेल्या आकृतींत ज्यांचीं अक्षरें बसतील असे शब्द हुडकीत राहणें हा वेळेचा निरर्थक, किंबहुना पापमय अपव्यय होय, असा त्याचा अभिप्राय पडला. हें पत्र श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

शब्द अर्थानें न जोखतां अक्षरसंख्येनें जोखावयाचा, ही कल्पना त्यापूर्वींची. 'ॲलिस'चा जनक लुई कॅरल यानें १८७९ सालीं लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' पत्रांत 'डब्लेट्स' नांवाचा खेळ सुरू केला. सारख्या लांबीचे दोन शब्द द्यावयाचे, आणि एका वेळीं एकच अक्षर पालटीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जावयाचें. मधली प्रत्येक पायरी खरा शब्दच असली पाहिजे. 'कॅट', 'कॉट', 'डॉट', 'डॉग': तीन पावलांत मांजराचें कुत्रें! येथें एक भेद सांगितला पाहिजे. आपल्या लिपींत 'स्ट्रीट' हा शब्द दोन घरांत मावतो. इंग्रजींत त्याला सहा घरें लागतात. सव्वीसच चिन्हांवर सारा संसार असल्यामुळें तींच तींच अक्षरें जागोजाग भेटतात, आणि एका शब्दाला दुसऱ्यानें छेदणें तेथें फार सुलभ होतें.

हा छेदच पुढें खेळाचा प्राण ठरला. लिव्हरपूलचा आर्थर विन हा न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्राच्या रविवारच्या पुरवणीचें काम पाही. २१ डिसेंबर १९१३ रोजीं त्यानें हिऱ्याच्या आकाराची, मध्यें पोकळ अशी एक चौकट छापली व तिला 'वर्ड-क्रॉस' म्हटलें. कांहीं आठवड्यांनीं छापतांना नांवाचीं दोन अर्धीं उलटीं पडलीं आणि 'क्रॉस-वर्ड' हेंच नांव कायम झालें. या चौकटींत आडव्या शब्दांतलें चुकीचें अक्षर उभ्या शब्दाला खपत नाहीं. 'फॉरेस्ट' कीं 'मार्केट', याचा न्याय छेदणारा शब्दच देतो.

१९२४ च्या एप्रिलांत सायमन आणि शुस्टर या दोघा नवख्या प्रकाशकांनीं अशा कोड्यांचें पुस्तक काढलें, पण हंसें होईल या धास्तीनें त्यावर आपल्या संस्थेचें नांव घातलें नाहीं. प्रती छापल्या ३,६००, आणि प्रत्येकीबरोबर एक पेन्सिल! पुढें एवढें वेड पसरलें कीं, बाल्टिमोर-ओहायो रेल्वेनें आपल्या गाड्यांत शब्दकोश ठेविले. या पुस्तकाच्या तिघां संपादकांत मार्गारेट पेथरब्रिज ही तरुणी होती. कोड्याला शिस्त लाविली ती मुख्यतः तिनें.

मग युद्ध आलें. जानेवारी १९४२ मध्यें लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'नें आपल्या कचेरींत वाचकांची परीक्षा घेतली. बारा मिनिटांत कोडें सोडवावयाचें. त्यांतील कांहींना थोड्याच दिवसांनीं युद्धखात्याचें बोलावणें आलें आणि ते ब्लेचली पार्क येथें शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामीं लागले. जर्मन 'एनिग्मा' यंत्राच्या संदेशांत 'वेटर', म्हणजे हवामान, हा शब्द असणार असा तर्क करावयाचा, आणि त्याचीं सहा अक्षरें गुप्त ओळीखालीं सरकवीत न्यावयाचीं. या यंत्रांतून कोणतेंहि अक्षर स्वतःच्याच रूपानें बाहेर पडत नसे. म्हणून वरखालीं तेंच अक्षर आलें कीं ती जागा बाद. भाषा परकी होती, परंतु रीत चौकटीचीच.

त्याच 'टेलिग्राफ'ला पुढें एक चमत्कारिक अनुभव आला. १९४४ च्या मे महिन्यांत व जूनच्या आरंभीं त्याच्या कोड्यांच्या उत्तरांत 'यूटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड', 'मल्बेरी', 'नेपच्यून' हे शब्द एकामागून एक उमटले. नॉर्मंडीवरील ६ जूनच्या स्वारींतलीं तीं गुप्त नांवें होतीं! कोडीं रचणारे हेडमास्तर लेनर्ड डॉ यांची गुप्तहेर खात्यानें कसून तपासणी केली व त्यांना सोडून दिलें. १९८४ सालीं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, रिकाम्या चौकटी शब्दांनीं भरण्याचें काम गुरुजी मुलांकडून करवीत आणि सूचक ओळी मागाहून स्वतः रचीत. मुलांच्या कानीं हे शब्द जवळच्या छावणींतील सैनिकांच्या बोलण्यांतून आले होते. मला हें पटतें. रिकाम्या चौकटीला अर्थाशीं कर्तव्य नसतें. आठ घरें मोकळीं दिसलीं कीं कानावरून गेलेला आठ अक्षरांचा शब्द तेथें आपोआप जाऊन बसतो.

आपल्या मुंबईंत या खेळाला पैशाचा वास लागला. बंगलोरच्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकांतील बक्षिसी शब्दकोडीं मुंबई राज्यांत पुष्कळ लोक फी भरून सोडवीत. येथें दोन शब्द सूचक ओळीला सारखेच शोभत, आणि बरोबर कोणता हें चालकांनीं आधींच ठरविलेलें असे. म्हणजे निवाडा छेदणाऱ्या अक्षराकडे राहिला नाहीं. तो गेला दैवाकडे. मुंबई सरकारनें १९४८ च्या कायद्यानें अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविला. १९५५ सालीं संसदेनें एक हजार रुपयांहून अधिक मासिक बक्षिसाच्या स्पर्धांस बंदी केली. चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल १९५७ मध्यें ही स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची ठरविली. मध्यमवर्गीय घरांतून दर आठवड्यास बाहेर जाणाऱ्या पैशाचा विचार करतां, हा निकाल मला योग्य वाटतो.

राहिलें 'न्यूयॉर्क टाइम्स'. पर्ल हार्बरनंतर, १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं, त्यानें आपलें पहिलें शब्दकोडें छापलें आणि संपादिका म्हणून मार्गारेट पेथरब्रिज, म्हणजे लग्नानंतरच्या फरारबाई, यांनाच बोलाविलें. २०२१ मध्यें जोश वॉर्डल या गृहस्थानें 'वर्डल' हा पांच अक्षरी शब्दांचा खेळ प्रसिद्ध केला. सहा प्रयत्नांत शब्द ओळखावयाचा. पांच अक्षरांचे सुमारें बारा हजार शब्द जमले होते. त्यांतून सर्वपरिचित असे सुमारें अडीच हजार त्याच्या जोडीदारिणीनें निवडून दिले. जानेवारी २०२२ मध्यें त्या पत्रानें हा खेळ दहा लाख डॉलरांहून अधिक किंमतीस विकत घेतला, आणि लवकरच तिनें निवडलेल्या यादींतून कांहीं शब्द गाळून टाकिले.