मत्स्यालयावरील दिवा आणि पंखा

मुंबईचें क्रॉफर्ड मार्केट १८८२ सालीं विजेच्या दिव्यांनीं उजळलें. पुढें त्याच बाजारांत शोभेच्या माशांचा व्यापार चालू लागला, हा योगायोग मौजेचा खरा. कारण दिवा आणि मासा यांचें नातें प्रथमपासूनच अवघड आहे. मासा पाहावयाचा तर उजेड हवा, आणि उजेडाच्या पाठोपाठ ऊब येते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, तेव्हां ही अडचण नव्हती. कांचेच्या छपरांतून सूर्यच तें काम करीत असे. घरच्या टाकीवर तारेचा दिवा टांगला जाऊं लागला, तेव्हां ती उभी राहिली. या दिव्यांत विजेचा जेमतेम विसावा हिस्सा प्रकाश होतो. बाकीची उष्णता, आणि तिचा मोठा भाग खालीं पाण्यावर पडतो. गोड्या पाण्यांत वीस अंशांवर लिटरमागें सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तीस अंशांवर साडेसात. पाणी तापतें तसा माशाचा श्वास मात्र वाढतो. दिव्याच्या हौसेपायीं मासे गुदमरावेत, अशी ही स्थिति.

मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचें उद्घाटन १९५१ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें झालें. तोंवर पुष्कळ कमी तापणारे नळीचे दिवे बाजारांत येऊन तेरा वर्षें लोटलीं होतीं. २०१५ सालीं हेंच मत्स्यालय नव्या रूपांत उघडलें, तें एलईडी दिवे घेऊन. या दिव्यांना पांढरा प्रकाश ज्या निळ्या दिव्यामुळें लाभला, त्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना आदल्याच वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें.

येथें एक विपरीत गोष्ट घडली. अडीच हजार अंशांपर्यंत तापणाऱ्या तारेला पंखा लागत नसे. थंड म्हणून नांवाजलेल्या नव्या दिव्याला तो लागूं लागला! तार तापावी यासाठींच असते, आणि आपली उष्णता ती किरणांवाटे फेंकून देते. एलईडीचा स्फटिक उष्णता अशी फेंकीत नाहीं. ती त्याच्या बुडाशीं सांचते, आणि तो फार तापला कीं त्याचें तेज मंदावतें, आयुष्य घटतें. पूर्वीं दिव्याची उष्णता माशाला जाचत असे. आतां ती दिव्यालाच जाचूं लागली.

म्हणून घरीं दिवा बनविणारा हौशी गृहस्थ लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंतून सुटे भाग आणतो, एलईडी ॲल्युमिनियमच्या पातळ पाळ्यांच्या पट्टीवर बसवितो आणि संगणकांतला बारा व्होल्टचा पंखा तिच्यावर रोखतो. पुष्कळदां तो एक चूक करतो : हवा आंत येण्यास वाट ठेवतो, बाहेर जाण्यास ठेवीत नाहीं. मग पंखा पेटींतील तीच गरम हवा घुसळीत राहतो.

वाट ठेवली तरी कोरड्या पाळ्यांना पंखा भोंवतालच्या हवेहून गार करूं शकत नाहीं. पाण्याची गोष्ट निराळी. पृष्ठभागावरून वारा वाहिला कीं पाण्याची वाफ होते आणि तीच उष्णता घेऊन जाते. माठाचें गुपित हेंच. शिरूर तालुक्यांतील निमोण्यासारख्या गांवीं वैशाखांतल्या कोरड्या हवेंत हा उपाय जितका गुण देतो, तितका मुंबईच्या दमट हवेंत देत नाहीं. टाकींत खारें पाणी असेल तर वाफेबरोबर मीठ जात नाहीं. तें मागें राहून पाणी अधिकाधिक खारट होतें. अशा टाकींत घटलेल्या पाण्याची भर घालावयाची ती गोड्या पाण्याचीच.