कागदी चलन, मुंबई इलाख्यातील

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात नाण्यांच्या जोडीने चाललेल्या, मागताच नाणे देण्याचे वचन असलेल्या नोटा. मुंबईत नोटा काढण्याचे काम आधी १८४० मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेने केले (→ इलाखा बँका). १८६१ च्या कागदी चलन कायद्याने हा अधिकार सरकारकडे गेला. पहिल्या सरकारी नोटा एकाच बाजूला छापलेल्या व दोन भाषांतील मजकुराच्या होत्या. नोट वटवण्याचा हक्क तिच्या चलनमंडळापुरता, म्हणजे ती जेथून निघाली त्या ठरावीक प्रदेशापुरता असे. दूरच्या व्यापाराला ही अडचण मोठीच होती. टपालातील चोरी टाळण्यासाठी नोटेचे दोन तुकडे करून एक पोहोचल्यावर दुसरा धाडत. १९०३ ते १९११ दरम्यान ५, १०, ५० व १०० रुपयांच्या नोटा देशभर ग्राह्य ठरल्या. १९२८ पासून नोटांची छपाई नाशिकला होऊ लागली (→ नाशिक).