खडू नसलेला खडू

ज्या माणसाने पस्तीस वर्षे खडू हाती धरून पोट भरले, त्याने आज आपणांपुढे खडूवरच बोलावे यात कोणास नवल वाटावयास नको. परंतु मी बोलणार आहे तो शाळेतील पांढऱ्या कांडीविषयी नव्हे. बिलियर्ड किंवा स्नूकर खेळणारा गृहस्थ फटका मारण्यापूर्वी आपल्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकास जी निळी अथवा हिरवी वडी घासतो, त्या वडीची हकीकत आज सांगावयाची आहे. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि त्याच्या पोटात दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि माझी स्वतःची एक जुनी चूकही आहे.

निवृत्तीनंतर माझा भाचा मला संध्याकाळी त्याच्या जिमखान्यात नेऊ लागला. मला खेळ येत नाही. मी बाकावर बसून पाहतो. एके दिवशी तेथे वाद पेटला. एका सभासदाने परदेशी खडूची एक वडी आणली होती, आणि तिची किंमत साध्या वडीच्या कित्येक पट होती. तो म्हणे, या वडीने चेंडूला फिरकी अधिक लागते. दुसरे म्हणत, सगळा भ्रम आहे. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर खडूच हाताळलात. तुम्हीच निवाडा करा."

निवाडा करावयाचा तर प्रथम वस्तू काय आहे ते पाहावे, म्हणून दोन्ही वड्यांचा थोडा चुरा पुडीत बांधून मी घरी आणला आणि त्यावर लिंबू पिळले. खरा खडू ही चुनखडीची एक मऊ जात. समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांपासून ती बनते, आणि तिच्यावर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइड वायू निघून बुडबुडे येतात. माझ्या बशीत एकही बुडबुडा आला नाही. साधी वडी खडू नव्हती आणि महाग वडीही खडू नव्हती!

त्या बशीकडे पाहताना मला एक जुना तास आठवला. मी सातवीच्या वर्गात हाच प्रयोग शाळेच्या खडूवर करून दाखवीत होतो, आणि तेव्हाही बुडबुडे आले नव्हते. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, बुडबुडे का येत नाहीत?" मला उत्तर ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "खडू जुना असेल. खाली बस." मुलगा बसला. पुढे पुष्कळ वर्षांनी मला कळले की फळ्यावर लिहिण्याचा खडू बहुधा जिप्समचा असतो. त्यावर लिंबू पिळले तरी तो फसफसत नाही. मुलाचे डोळे बरोबर पाहत होते. माझे पुस्तक अपुरे होते. या तासाकडे आपण शेवटी परत येऊ.

आता इतिहास. बिलियर्ड हा खेळ मुळात हिरवळीवरचा. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये तो घरात, टेबलावर आला. टेबलावरचे हिरवे कापड हे त्या गवताचेच स्मरण होय. त्या काळी चेंडू टोचीत नसत, ढकलीत असत. त्यासाठी मेस नावाचा रुंद तोंडाचा दांडा असे. चेंडू टेबलाच्या कडेस चिकटून राहिला म्हणजे ते रुंद तोंड अडचणीचे होई. मग खेळाडू दांडा उलटा धरून त्याच्या बारीक शेपटाने चेंडू मारीत. फ्रेंच भाषेत शेपटास 'क' म्हणतात. त्याचाच इंग्रजीत 'क्यू' झाला. कालांतराने ही शेपटीच मुख्य हत्यार ठरली आणि मेस अडगळीत गेला.

परंतु क्यूचे टोक नुसत्या लाकडाचे होते. गुळगुळीत लाकूड गुळगुळीत चेंडूवर आदळले की घसरावयाचेच. यावर तत्कालीन खेळाडूंनी काढलेला तोडगा मौजेचा आहे. ते क्यूचे टोक खोलीच्या भिंतीवर किंवा छतावर दाबून फिरवीत. गिलाव्याची पांढरी पूड टोकास लागे आणि घसरण कमी होई. क्यूच्या खडूचा पहिला अवतार हा असा भिंतीतून निघाला. खेळघरांच्या मालकांस हा प्रकार फारसा रुचला नसेल, हे सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या खेळात क्रांती झाली, आणि तिचे श्रेय फ्रेंच पायदळातील कॅप्टन फ्रान्स्वा मँगो यास देतात. कारावासात असताना त्याने बिलियर्डचा कसून अभ्यास केला आणि क्यूच्या टोकास चामड्याची टिकली बसविली, असे सांगतात. चामडे किंचित दबते, चेंडूला धरते आणि पूडही धरून ठेवते. त्यामुळे चेंडूच्या मध्याखाली, मध्यावर किंवा बाजूस मारून त्यास हवी ती फिरकी देता येऊ लागली. मँगोने आपल्या आश्चर्यकारक फटक्यांचे पुस्तक १८२७ साली पॅरिस येथे प्रसिद्ध केले. पुढे १८३५ साली कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने या खेळाच्या गतिशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पृथ्वीच्या भ्रमणामुळे वारे वळतात त्या नियमाला ज्याचे नाव आहे, तोच हा कोरिओलिस.

आता पाहा, विद्या चामड्यात होती. पण पैसा मिळाला तो खडूस. इंग्लंडातील बाथ या शहरी जॅक कार नावाचा एक मार्कर होता. चेंडूस बाजूने मारून वळविण्याची युक्ती त्यास साधली होती. लोक थक्क होऊन विचारीत, हे कसे? तो उत्तर देई, ही माझ्या विशेष खडूची करामत! आणि साध्या खडूची पूड औषधाच्या गोळ्यांच्या लहान डब्यांत भरून तो डबी अर्ध्या क्राऊनला, म्हणजे अडीच शिलिंगांना, विकी. ही गोष्ट १८२० नंतरच्या दशकातील म्हणून सांगतात. डब्या खपल्या, कारण विकत घेणाऱ्यांपैकी कोणी दोन पुड्या शेजारी ठेवून तुलना केली नाही. खेळाडूचे कौशल्य पाहून त्यांनी पुडीवर विश्वास ठेवला.

खरी तुलना व्हावयास आणखी सुमारे सत्तर वर्षे लागली. अमेरिकेत विल्यम स्पिंक्स नावाचा एक धंदेवाईक बिलियर्डपटू होता. त्यास फ्रान्समधून आलेला खडूसारखा एक तुकडा मिळाला, आणि त्याने टोक घसरत नाही असा त्यास अनुभव आला. येथवर स्पिंक्स व बाथची गिऱ्हाइके यांत फरक नाही. पण पुढे त्याने जे केले ते त्यांनी केले नव्हते. त्याने तो तुकडा शिकागोतील विल्यम हॉस्किन्स या रसायनज्ञापुढे ठेवला आणि पृथक्करण करावयास सांगितले. हॉस्किन्सला आढळले की हा खडू नव्हेच. हा ज्वालामुखीतून निघालेला सच्छिद्र दगड आहे, आणि बहुधा तो सिसिलीतील एटना पर्वताचा आहे.

मग दोघांनी निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून वड्या पाडल्या. एकाने घडवावे, दुसऱ्याने टेबलावर खेळून पारखावे, असा तो क्रम. शेवटी इलिनॉय प्रांतातील सिलिका, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातीची पूड, आणि तीत थोडा कुरुंद, हे मिश्रण पसंतीस उतरले. ९ मार्च १८९७ रोजी त्यास पेटंट मिळाले. कुरुंद हा शब्द आपणांस परका नाही. धार लावावयास तो आपल्याकडे पूर्वीपासून वापरतात, आणि त्याचे इंग्रजी नाव तमिळ भाषेतूनच तिकडे गेले आहे. आजही क्यूच्या बहुतेक वड्या याच जातीच्या आहेत. नाव तेवढे खडूचे राहिले. याच हॉस्किन्सचा सहकारी अल्बर्ट मार्श याने पुढे निकेल व क्रोमियम यांचा मिश्रधातू शोधला, आणि त्याचे पेटंट १९०६ सालचे आहे. आपल्या घरच्या टोस्टरमध्ये लाल होणारी तार बहुधा त्याच धातूची असते.

ही पूड करते काय? चेंडूच्या ऐन मध्यावर मारले तर खडूवाचूनही चालेल. पण मध्यापासून जसजसे दूर जावे तसतसा चेंडूचा पृष्ठभाग टोकास तिरपा होत जातो आणि टोक निसटू पाहते. टिकलीवरील कठीण, खरबरीत कण त्यास धरून ठेवतात. तेही सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरते, कारण टोक व चेंडू यांची गाठ तेवढीच असते. मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे अर्ध्यापर्यंत ही पकड टिकते. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटर व्यासाचा. तेव्हा ही मर्यादा सुमारे १३ मिलिमीटरची झाली. त्यापलीकडे मारले की मिसक्यू ठरलेला. मग वडी कोणत्याही देशाची असो.

स्नूकर हा खेळ तर आपल्याच देशात, जबलपूर येथे, १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने सुरू केला असे मानतात. पुण्यास १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास हौशी बिलियर्डपटूंचे जागतिक अजिंक्यपद मिळविले; स्वतंत्र भारताचा कोणत्याही खेळातील तो पहिला जगज्जेता. अशा खेळाडूची लांबलचक खेळी एका निसटत्या टोकाने संपू शकते. म्हणून वडीची निवड हा त्यास छंदाचा नव्हे, व्यवहाराचा प्रश्न असतो.

आता आमच्या निवाड्याकडे येतो. मी भाच्यास म्हणालो, खेळणाऱ्यास वडीचे नाव कळता कामा नये. म्हणून मार्करने आड जाऊन टोक माखावे, चेंडू प्रत्येक वेळी त्याच खुणेवर ठेवावा, फटका एकच असावा, आणि चेंडू किती मागे फिरतो ते टेपने मोजून मी वहीत लिहावे, असे ठरले. जुनी वडी, महाग वडी आणि माझ्या आग्रहाखातर शाळेचा पांढरा खडू, असे तीन उमेदवार होते. प्रत्येक फटक्यापूर्वी टोक नीट माखले, तेव्हा जुन्या व महाग वडीच्या फिरकीत आम्हांस फरक दिसला नाही. वाद घालणारा सभासद तर दोन वेळा साध्या वडीलाच आपली परदेशी वडी समजला. पण आठ-दहा फटके न माखता खेळू दिले, तेव्हा महाग वडीची पूड टोकावर अधिक टिकली, आणि चेंडूवर व कापडावर तिचे डागही कमी पडले. हा गुण लहान नव्हे. दोन चेंडू आदळताना मधे खडूचा डाग आला तर चेंडू क्षणभर अडखळून वाट सोडतो, आणि खेळाडू त्यास फार भितात. शाळेचा खडू मात्र लवकरच घसरला. माझा पक्ष पडला, हे मी वहीत सर्वांदेखत लिहिले.

एवंच, दोन्ही बाजूंचे थोडेथोडे खरे निघाले. फिरकी हाताची होती. वडीने दिली ती निश्चिंती. कोणती वडी चांगली, या प्रश्नापूर्वी कशासाठी चांगली, हे विचारावयास हवे होते, आणि वाद घालताना नेमके तेच कोणी विचारले नव्हते.

त्या रात्री वही मिटताना मला तो मागच्या बाकावरील मुलगा पुन्हा आठवला. तो आता चाळिशीत असेल. कदाचित कोठे हे भाषण ऐकतही असेल. त्याच्यासाठी उत्तर येथे देऊन ठेवतो. बाळ, तो खडू जुना नव्हता. तो जिप्समचा होता, आणि मला ते ठाऊक नव्हते. तुला खाली बसविण्याऐवजी मी दुसरा खडू आणि संगमरवराचा एक तुकडा मागवून, "चल, दोन्हींवर लिंबू पिळून पाहू," असे म्हणावयास हवे होते. तास थोडा लांबला असता, इतकेच.