चुन्याची निवळी आणि बंद खिडक्या

उच्छ्वास चुन्याच्या निवळीत सोडला तर काय होतं? शाळेत गेलेला कुणीही सांगेल, निवळी दुधाळ होते. उत्तर पाठ आहे. स्वतः नळीतून फुंकून पाहिलेले मात्र बोटांवर मोजण्याइतके.

हे आठवायचं कारण, परवा बातमीसाठी एका खासगी क्लासमध्ये गेलो होतो. एसीसाठी खिडक्या कायमच्या बंद, आत साठेक पोरं, आणि निम्मी जांभया देतायत.

या प्रयोगाचा इतिहास नेमका अशाच खोल्यांपाशी जातो. स्कॉटलंडचा जोसेफ ब्लॅक मूळचा वैद्यकाचा विद्यार्थी. त्या काळी मूतखड्यावर चुन्याची निवळी पाजत. (बिचारे रोगी!) त्याहून सौम्य औषध शोधताना त्याला हवेतला एक वेगळाच वायू सापडला. 1756 साली त्याने तो शोध छापला आणि वायूला नाव दिलं 'स्थिर हवा'. म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. पुढे त्याने नळीतून निवळीत फुंकलं, ती पांढरी झाली. जळता कोळसा आणि आंबणारी दारू यांतूनही तोच वायू निघतो, हेही त्याने दाखवलं. ग्लासगोच्या एका चर्चमध्ये खच्चून गर्दी असताना त्याने छतातल्या हवेच्या वाटेत निवळीने भिजलेल्या चिंध्या ठेवल्या, असं सांगतात. त्यांच्यावर खडूसारखा थर धरला. गर्दीचा श्वास असा डोळ्यांना दिसला.

मग म्युनिकचा पेटेनकोफर. त्याने चुन्याऐवजी बेरियमचं पाणी वापरून हा वायू चक्क मोजला आणि 1858 मध्ये सांगितलं की राहत्या खोलीत त्याचं प्रमाण हजारात एक भागाच्या वर जाऊ नये. एवढ्याने कुणी मरत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण हा आकडा चढला याचा अर्थ आपण एकमेकांनी सोडलेली हवाच पुन्हा ओढतोय. कोविडमध्ये जग पुन्हा याच आकड्यापाशी आलं.

आपल्या उच्छ्वासात हा वायू शेकडा चार भाग असतो, बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. पानाच्या डबीतला चुना पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी घ्या. स्ट्रॉने फुंकायचं, ओढायचं नाही. चुना तोंड भाजतो. आणि दुधाळ झाल्यावर थांबू नका, बराच वेळ फुंकत राहिलात तर पाणी परत नितळ व्हायला लागतं. हे किती विद्यार्थ्यांनी पाहिलंय?

तुमच्या पोरांच्या क्लासला खिडक्या किती, आणि त्यातल्या उघडतात किती, कमेंटमध्ये लिहा. क्लासचं नाव नको, गावाचं चालेल.