सायकलच्या कालस्पर्धेतील कालमापन आणि बरोबरीचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

सायकलच्या कालस्पर्धेत स्पर्धक एकमेकांशी नव्हे, तर घड्याळाशी झुंजतो. त्यामुळे विजेता कोण, या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना दिसत नाही. ते कालमापनाच्या पद्धतीवर आणि नियमांवर अवलंबून असते. प्रस्तुत शोधनिबंधात १८९५ पासून आजपर्यंतच्या निवडक प्रसंगांच्या आधारे कालमापनाच्या विकासाचा आढावा घेतला असून, दोन स्पर्धकांची वेळ सारखी भरल्यास निर्णय कसा होत गेला याचे विवेचन केले आहे. बरोबरी ही केवळ नैसर्गिक घटना नसून मापनाच्या एककाने आणि नियमाने ठरणारी बाब आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

शर्यत म्हटली की सर्व स्पर्धक एकाच क्षणी निघतात आणि जो प्रथम अंतिम रेषा ओलांडतो तो विजयी होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. 'टाइम ट्रायल' या नावाने ओळखली जाणारी सायकलची कालस्पर्धा या समजुतीला अपवाद आहे. तीत स्पर्धक ठरावीक अंतराने, एकामागून एक असे सोडले जातात. प्रत्येकाने ठरलेले अंतर किती वेळात कापले याची नोंद होते आणि त्या नोंदींच्या तुलनेतून क्रम लागतो. पहिला येणारा स्पर्धक प्रेक्षकांसमोर सर्वांत शेवटी पोहोचलेला असू शकतो. फ्रेंच भाषेत या प्रकाराला 'घड्याळाविरुद्ध' अशा अर्थाचे नाव आहे, ते सार्थच म्हटले पाहिजे.

क्रीडा-इतिहासाच्या लेखनात विक्रम आणि विजेते यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे निर्णयाच्या साधनांना मिळत नाही. वस्तुतः घड्याळ, कालमापक आणि नियमपुस्तिका यांचा इतिहास हा न्यायाच्या कल्पनेचाही इतिहास असतो. या दृष्टीने प्रस्तुत विषय अभ्यासनीय ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. कालस्पर्धेच्या उगमामागील सामाजिक व कायदेविषयक कारणे पाहणे.
२. कालमापनाच्या पद्धतीत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
३. समान वेळेच्या प्रसंगी निर्णयाचे निकष कसे बदलत गेले हे तपासणे.
४. सूक्ष्म कालमापन आणि न्याय्य निर्णय यांच्या संबंधाचे मूल्यमापन करणे.

कालस्पर्धेचा उगम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्लंडमध्ये सायकलचा प्रसार झपाट्याने झाला. सार्वजनिक रस्त्यांवर भरधाव जाणाऱ्या स्पर्धकांच्या घोळक्यांमुळे घोडे बुजत, वाटसरूंच्या तक्रारी होत आणि पोलीस हस्तक्षेप करीत. सायकलस्वारांना रस्त्यांवरून कायमचे हद्दपार केले जाईल, अशी भीती तेथील 'नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन' या संघटनेला वाटू लागली. परिणामी तिने रस्त्यावरील सामूहिक शर्यतींविरुद्ध भूमिका घेतली.

या कोंडीतून फ्रेडरिक टॉमस बिडलेक (१८६७-१९३३) यांनी मार्ग काढला. ५ ऑक्टोबर १८९५ रोजी 'नॉर्थ रोड सायक्लिंग क्लब'ने त्यांच्या पुढाकाराने ५० मैलांची कालस्पर्धा घेतली. स्पर्धक एकेकटे सोडले गेले. रस्त्यावर घोळका नसल्यामुळे शर्यत चालू आहे हे सहसा कोणाच्या लक्षात येत नसे. पुढे या पद्धतीभोवती गुप्ततेचे एक शिस्तबद्ध जग उभे राहिले. स्पर्धा पहाटे होत, मार्ग सांकेतिक क्रमांकांनी ओळखले जात आणि स्पर्धक काळे कपडे घालीत. १९४२ मध्ये पर्सी स्टॅलार्ड यांनी लँगॉलन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सामूहिक शर्यत घेऊन ही परंपरा मोडली, तेव्हा त्यांना प्रस्थापित संघटनेचा रोष ओढवून घ्यावा लागला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये कालस्पर्धा शास्त्रीय अचूकतेच्या ओढीतून रुजली नाही, ती कायद्याच्या भीतीतून रुजली. तथापि तिच्यामुळे निर्णयाचा अधिकार अंतिम रेषेवरील पंचाच्या डोळ्याकडून कालमापकाच्या हातातील घड्याळाकडे गेला. हे स्थित्यंतर महत्त्वाचे आहे.

वेळ की गुण : टूर द फ्रान्सचा अनुभव

युरोप खंडावर वेगळीच वाट चोखाळली गेली. आंरी देग्रांज यांनी ११ मे १८९३ रोजी पॅरिसमधील बफेलो धावपट्टीवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून तासाच्या विक्रमाची परंपरा सुरू केली होती. त्यांच्याच 'लोटो' या वृत्तपत्राने १९०३ मध्ये टूर द फ्रान्स ही अनेक टप्प्यांची शर्यत सुरू केली. तीत सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज करून विजेता ठरविण्यात आला.

१९०४ च्या शर्यतीत मात्र गैरप्रकारांचा कळस झाला आणि मॉरिस गारां याच्यासह पहिल्या चारही स्पर्धकांना बाद करण्यात आले. त्यानंतर १९०५ ते १९१२ या काळात वेळेऐवजी गुणांवर आधारित क्रमवारी वापरली गेली. लांबच्या टप्प्यांवर मिनिटांचा हिशेब ठेवण्यापेक्षा कोण कितवा आला हे पाहणे सोपे होते. १९१३ मध्ये वेळेची बेरीज पुन्हा स्वीकारण्यात आली. टूरमध्ये वैयक्तिक कालस्पर्धेचा टप्पा प्रथम १९३४ मध्ये, ला रोश-सुर-यों ते नांत या ९० किलोमीटरच्या मार्गावर घेतला गेला आणि तो आंतोनँ मान्य याने जिंकला. त्याआधी १९३२ मध्ये 'ग्रां प्री दे नासियों' ही स्वतंत्र कालस्पर्धा फ्रान्समध्ये सुरू झाली होती.

ऑलिंपिकमधील कालमापन आणि रेल्वे फाटक

आरंभीच्या काही ऑलिंपिक स्पर्धांमध्ये रस्त्यावरील शर्यत कालस्पर्धेच्या स्वरूपात होत असे. १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे मालारेन सरोवराभोवतीच्या सुमारे ३१५ किलोमीटर मार्गावर स्पर्धकांना पहाटे दोन वाजल्यापासून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडण्यात आले. स्पर्धकांची संख्या शंभरावर असल्याने पहिल्या आणि शेवटच्या स्पर्धकाच्या सुटण्यात काही तासांचे अंतर पडले. दक्षिण आफ्रिकेचा रुडॉल्फ लुईस विजयी ठरला. तो अगदी आरंभी सुटलेल्यांपैकी होता. पहाटेचा वारा आणि सकाळचा वारा सारखा नसतो. म्हणजे अंतर तेच राहिले, तरी परिस्थिती तीच राहील याची खात्री नव्हती.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये हाच प्रश्न अधिक ठळकपणे पुढे आला. १७५ किलोमीटरच्या मार्गात रेल्वे फाटके होती. प्रारंभी दक्षिण आफ्रिकेचा हेन्री काल्टेनब्रुन प्रथम आला असे मानले गेले. परंतु स्वीडनचा हॅरी स्टेन्क्विस्ट गाडी जाईपर्यंत सुमारे चार मिनिटे फाटकाशी खोळंबला होता. तो वेळ वजा केल्यावर सुवर्णपदक स्टेन्क्विस्टला मिळाले. अंतिम निकालात दोघांमध्ये सुमारे दीड मिनिटाचा फरक होता. घड्याळाने दाखविलेली वेळ आणि निकालात धरलेली वेळ या दोन भिन्न गोष्टी असू शकतात, हे येथे प्रत्ययास येते. दोहोंच्या मध्ये माणसाने केलेला निवाडा उभा असतो.

बरोबरीचे प्रारंभीचे प्रसंग

टप्प्यांच्या शर्यतीत घोळक्याने एकत्र पोहोचलेल्या सर्वांना एकच वेळ दिली जाते. सपाट प्रदेशातील टप्प्यांवर त्यामुळे अनेकांची एकूण वेळ सारखी भरणे स्वाभाविक असते. १९२९ च्या टूरमध्ये सातव्या टप्प्याअखेर बोर्दो येथे निकोला फ्रान्झ, व्हिक्तोर फोंतां आणि आंद्रे लेड्युक या तिघांची एकूण वेळ समान झाली. अग्रस्थानावरील स्पर्धकाला पिवळा सदरा देण्याची प्रथा १९१९ पासून होती. तो तिघांपैकी कोणाला द्यावा, याचा निकष मात्र ठरलेला नव्हता. अखेर तिघांनाही पिवळा सदरा देण्यात आला. १९३१ मध्ये शार्ल पेलिसिए आणि राफाएले दी पाको यांच्याबाबतीतही अग्रस्थान विभागून देण्यात आले.

या निर्णयांमागील भूमिका साधी होती. घड्याळ दोघांना समान म्हणत असेल, तर पंचांनी त्यांना असमान ठरवू नये. मापनाची मर्यादा हीच निर्णयाची मर्यादा मानली गेली.

बरोबरी सोडविण्याचे नियम

पुढील काळात ही भूमिका बदलली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांत समान वेळेसाठी निश्चित पायऱ्या आहेत. टप्प्यांच्या शर्यतीत एकूण क्रमवारी पूर्ण सेकंदांत मांडली जाते. दोघांची वेळ समान असल्यास वैयक्तिक कालस्पर्धांच्या टप्प्यांत नोंदवलेले सेकंदाचे अपूर्णांक हिशेबात घेतले जातात. तरीही बरोबरी राहिल्यास सर्व टप्प्यांतील क्रमांकांची बेरीज पाहतात. तीही समान असेल, तर अखेरच्या टप्प्यातील क्रमांक निर्णायक ठरतो. येथे कालस्पर्धेला मिळालेले विशेष स्थान लक्षणीय आहे. संपूर्ण शर्यतीत ज्या टप्प्यावर प्रत्येकाचा वेळ स्वतंत्रपणे आणि सूक्ष्मपणे मोजला जातो, तोच टप्पा पंचाची भूमिका बजावतो.

कालस्पर्धेच्या आरंभक्षणाबाबतही नियम कठोर आहेत. उशिरा आलेल्या स्पर्धकाची वेळ त्याच्या नियोजित क्षणापासूनच मोजली जाते. १९८९ च्या टूरमध्ये लक्झेंबर्ग येथील पहिल्याच छोट्या कालस्पर्धेत आदल्या वर्षीचा विजेता पेद्रो देल्गादो २ मिनिटे ४० सेकंद उशिरा पोहोचला आणि शेवटच्या क्रमांकावर गेला. शर्यतीअखेर तो तिसरा आला. विजेत्यापेक्षा तो ३ मिनिटे ३४ सेकंदांनी मागे होता. या तुटीचा फार मोठा भाग त्याने पहिला पायडल मारण्यापूर्वीच जमा झालेला होता.

दोन निर्णायक प्रसंग

त्याच शर्यतीचा शेवट कालमापनाच्या इतिहासात विशेष मानला जातो. २३ जुलै १९८९ रोजी व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या अंतिम कालस्पर्धेपूर्वी लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. ग्रेग लेमाँडने हे अंतर २६ मिनिटे ५७ सेकंदांत कापले, तर फिन्योंला ५८ सेकंद अधिक लागले. सुमारे ३,२८५ किलोमीटरच्या शर्यतीचा निकाल ८ सेकंदांनी लागला. लेमाँडच्या त्या दिवशीच्या वेगाने हे अंतर सुमारे १२० मीटर भरते. फरक अल्प असला तरी तो पूर्ण सेकंदांत होता आणि त्याविषयी शंकेला जागा नव्हती.

२००९ चा प्रसंग याहून सूक्ष्म आहे. चौथ्या टप्प्यावर, माँपेलिए येथील सांघिक कालस्पर्धेनंतर फाबियान कान्सेलारा आणि लान्स आर्मस्ट्राँग यांची एकूण वेळ सेकंदापर्यंत सारखी झाली. तेव्हा मोनॅको येथील पहिल्या दिवसाच्या १५.५ किलोमीटर कालस्पर्धेतील अपूर्णांक काढून पाहण्यात आले आणि ०.२२ सेकंदाच्या फरकाने पिवळा सदरा कान्सेलाराकडेच राहिला. १९२९ मध्ये अशा स्थितीत दोघांनाही सदरा मिळाला असता. स्थिती तीच, पण नियम वेगळा असल्याने उत्तर वेगळे आले. पुढे उत्तेजक द्रव्यांच्या वापरामुळे २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगचे ऑगस्ट १९९८ पासूनचे सर्व निकाल रद्द करण्यात आले. शतांश सेकंदापर्यंत काटेकोर असलेल्या घड्याळाला शर्यतीतील मोठा अन्याय मात्र दिसला नव्हता, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

सूक्ष्मता आणि न्याय्यता

आधुनिक साधनांनी सेकंदाचा सहस्रांश मोजणे सहज शक्य आहे. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात १५ मीटर, शतांश सेकंदात १५ सेंटिमीटर आणि सहस्रांश सेकंदात दीड सेंटिमीटर पुढे जाते. परंतु कालस्पर्धेतील दोन स्पर्धक एकाच क्षणी रस्त्यावर त्याच ठिकाणी नसतात. एकाला वाऱ्याची झुळूक पाठीवर लाभते, तर दुसऱ्याला तीच समोरून झेलावी लागते. एकाचा रस्ता कोरडा असतो, दुसऱ्याचा ओला. या फरकांपुढे शतांश सेकंद नगण्य ठरतो. मापनाची सूक्ष्मता परिस्थितीच्या समानतेपेक्षा पुढे गेली की निकाल निश्चित होतो, पण तो गुणवत्तेचा निदर्शक असेलच असे नाही.

जलतरणातील अनुभव येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मिश्र जलतरणात स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत समान भरली. सहस्रांश पाहून ०.००२ सेकंदाच्या फरकाने लार्सनला सुवर्णपदक देण्यात आले. एवढ्या वेळात जलतरणपटू जेमतेम तीन मिलिमीटर पुढे जातो, आणि तलावाच्या दोन मार्गिकांची लांबी तितकी अचूक बांधलेली असण्याची शाश्वती नसते. त्यानंतर जलतरणात निकाल शतांशापर्यंतच मोजून बरोबरी मान्य करण्याचे धोरण स्वीकारले गेले. म्हणूनच २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लाय प्रकारात तिघांना रौप्यपदक मिळाले. जलतरणाने साधन उपलब्ध असूनही त्याचा वापर मर्यादित ठेवला. टप्प्यांच्या सायकल शर्यतीने मात्र बरोबरी सोडविण्याचा आग्रह धरला, कारण पिवळा सदरा दररोज एकाच्याच अंगावर असावा ही तिची गरज होती.

निष्कर्ष

१. ब्रिटनमध्ये कालस्पर्धा सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतींना असलेल्या विरोधातून रुजली. कालमापनाचे महत्त्व हा तिचा आनुषंगिक, परंतु दूरगामी परिणाम होय.
२. घड्याळाची नोंद आणि अधिकृत निकाल यांच्यामध्ये नेहमीच नियमांचा व निवाड्याचा थर असतो. अँटवर्प येथील १९२० चा निकाल आणि देल्गादोचा १९८९ चा अनुभव ही त्याची परस्परविरोधी उदाहरणे आहेत. एका ठिकाणी वाया गेलेला वेळ वजा झाला, दुसऱ्या ठिकाणी तो मोजला गेला.
३. १९२९ मधील तिघांचे संयुक्त अग्रस्थान आणि २००९ मधील ०.२२ सेकंदाचा निर्णय यांत स्पर्धकांच्या क्षमतेचा नव्हे, तर 'समान' या शब्दाच्या अर्थाचा फरक आहे.
४. अधिक सूक्ष्म मापन म्हणजे अधिक न्याय, हे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही. कोणत्या मर्यादेपर्यंत मोजायचे आणि कोठे थांबून दोघांना बरोबरीचे मानायचे, हा तंत्राचा नसून मूल्यांचा प्रश्न आहे.

परीक्षांमधील दशांश गुणांच्या फरकावर प्रवेश आणि नियुक्त्या ठरविणाऱ्या शिक्षणव्यवस्थेलाही हा शेवटचा मुद्दा विचारार्ह वाटावा. आकडा जितका बारीक, तितकी त्यामागील परिस्थितीची समानता तपासण्याची जबाबदारी मोठी असते.