चौदा भागांचा अंकपाश

गेल्या मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आमच्याकडे आली होती. बारावी संपली होती आणि निकालाला वेळ होता. एका रात्री तिने विचारले, "मामा, हारुही बघायचीय. कुठल्या क्रमाने बघू?" प्रश्न एका ओळीचा होता. मी मात्र उत्तर दुसऱ्या दिवशी देतो म्हणालो. या प्रश्नाला इतिहास आहे, त्यात गणित आहे, आणि एक चूक आहे जी मी स्वतः केलेली आहे.

हारुही सुझुमिया ही जपानी लेखक नागारु तानिगावा यांच्या कादंबऱ्यांची नायिका. पहिली कादंबरी २००३ मध्ये आली. तिच्या शीर्षकातल्या जपानी शब्दाला मराठीत 'विषाद' हा प्रतिशब्द चांगला बसतो. हारुही शाळकरी मुलगी, पण रोजच्या जगाला विलक्षण कंटाळलेली. तिची अतृप्ती जग बदलू शकते, आणि हे तिचे तिलाच ठाऊक नाही. तिने जमवलेल्या मंडळात परग्रहावरच्या शक्तीने घडवलेली नागातो आहे, भविष्यातून आलेली असाहिना आहे आणि अतींद्रिय शक्ती असलेला कोइझुमी आहे. साधा माणूस एकच, क्योन. गोष्ट तोच सांगतो.

एप्रिल २००६ मध्ये क्योतो अॅनिमेशन या संस्थेने केलेली १४ भागांची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. पहिल्याच भागात प्रेक्षकांपुढे आला शाळकरी मुलांनी काढलेला एक वेडावाकडा चित्रपट. कॅमेरा हलतोय, संवाद अडखळतायत, कथेला शेंडा ना बुडखा. तो मुद्दाम तसा केलेला होता, कारण कथेतल्या मुलांनी शाळेच्या उत्सवासाठी काढलेला तो चित्रपट होता. घटनाक्रमाने हा भाग अकरावा, प्रक्षेपणात पहिला. पुढेही तसेच. कथेचा मूळ गाभा सहा भागांचा, पण हे सहा भाग दुसरा, तिसरा, पाचवा, दहावा, तेरावा आणि चौदावा असे विखरून दाखवले गेले. मधल्या जागांत नंतर घडणाऱ्या गोष्टी भरल्या. पुढच्या भागाची जाहिरात करताना हारुही घटनाक्रमाचा आकडा सांगायची आणि क्योन प्रक्षेपणाचा. म्हणजे कुठला क्रम खरा, हा वाद मालिकेतच मांडून ठेवला होता.

२००९ मध्ये मालिका पुन्हा दाखवली गेली. या वेळी घटनाक्रमाने, आणि १४ नवे भाग मिसळून. एकूण भाग झाले २८. जो भाग २००६ साली शेवटचा होता तो आता सहावा झाला.

माझी चूक इथली. मी मालिका पहिल्यांदा पाहिली ती २०१२ च्या सुमारास, या दुसऱ्या क्रमाने. मी शाळेत गणित शिकवणारा माणूस. एकानंतर दोन, दोनानंतर तीन, हाच मला प्रामाणिक क्रम वाटला. मालिका आवडली, पण सहाव्या भागानंतर ती उतरणीला लागल्यासारखी वाटली. लोक इतके का भारावले होते, ते कळले नाही. मी विषय सोडून दिला.

तो पुन्हा समोर आला २०१८ मध्ये, आणि तोही गणिताच्या दाराने. सप्टेंबर २०११ मध्ये फोरचॅन या संकेतस्थळावर कुणीतरी विचारले होते: हारुहीचे १४ भाग शक्य त्या प्रत्येक क्रमाने पाहायचे असतील, तर कमीत कमी किती भाग पाहावे लागतील? एका क्रमाची शेपटी दुसऱ्या क्रमाचे डोके होऊ शकते, ही त्यातली सवलत. तीनच भाग असते तर सहा क्रम, म्हणजे १८ भाग पाहणे आले. पण १२३१२१३२१ या नऊ आकड्यांच्या ओळीत सहाही क्रम बसतात. वाचकांनी बोट ठेवून मोजून पाहावे. मौज आहे.

त्याच ठिकाणी एका निनावी माणसाने सिद्ध केले की भागांची संख्या काहीही असो, ओळ किमान अमुक इतकी लांब हवीच. ती सिद्धता कित्येक वर्षे कुणा गणितज्ञाच्या नजरेस पडली नाही. २०१४ मध्ये रॉबिन ह्यूस्टन यांनी दाखवले की सहा वस्तूंसाठी ८७३ ही मानलेली किमान लांबी चुकीची आहे, ८७२ मध्येही भागते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे विज्ञानकथालेखक ग्रेग इगन यांनी, ओळ फार तर किती लांब लागेल, याची नवी मर्यादा दिली. त्या चर्चेत जुनी निनावी सिद्धता वर आली. ह्यूस्टन, जे पँटोन आणि व्हिन्स व्हॅटर यांनी ती नीट लिहून काढली आणि पहिल्या लेखकाच्या जागी लिहिले: फोरचॅनवरील निनावी लेखक.

हारुहीपुरते उत्तर असे. १४ भागांचे क्रम होतात ८७ अब्ज १७ कोटी ८२ लाख ९१ हजार २००. ते सगळे सामावणारी ओळ किमान ९३ अब्ज ८८ कोटी ४३ लाख १३ हजार ६११ भागांची. एक भाग साधारण २४ मिनिटांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने एक घटका. ६० घटकांचा दिवस धरून मी भागाकार केला, तर वर्षे निघाली ४२ लाख ८४ हजार. पुराणांतले चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचे. म्हणजे कृतयुगाच्या पहिल्या घटकेला बसलेला प्रेक्षक कलियुग सरता सरता उठेल.

या गणिताचे घराणे आपल्याला परके नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे बदलून दिली तर मूर्तीची किती रूपे होतील, असा तिथला प्रश्न. उत्तर ३६ लाख २८ हजार ८००. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त सात स्वरांचे ५०४० क्रम मोजले. खंडमेरू नावाच्या कोष्टकाने अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तानेचा क्रमांक कोणता, हे काढायची रीतही दिली. पहिलीला 'नष्ट' म्हणतात, दुसरीला 'उद्दिष्ट'.

क्रम मोजता येतात, त्यांना क्रमांक देता येतात. पण त्यातला कुठला गावा, हे कोष्टक सांगत नाही. २०१८ मध्ये ती सिद्धता समजून घेताना मला प्रथमच प्रश्न पडला, की या १४ भागांच्याच क्रमाचा एवढा ध्यास लोकांना का लागला असावा. म्हणून मी २००६ चा क्रम शोधला आणि मालिका तशी पाहिली.

कथेच्या गाभ्याच्या शेवटी जग बुडू लागते. क्योन आणि हारुही करड्या, निर्मनुष्य शाळेत दोघेच उरतात. परत जायचे की नवे जग होऊ द्यायचे, हे क्योनच्या हातात असते. घटनाक्रमाने पाहताना माझा प्रश्न होता, जग वाचेल का? २००६ च्या प्रेक्षकाला तो प्रश्नच नव्हता. त्याने बेटावरची सहल पाहिली होती, शाळेच्या उत्सवात गाणारी हारुही पाहिली होती. पावसाच्या दिवसाचा तो भागही पाहिला होता, ज्यात जवळजवळ काही घडत नाही: क्योन दुकानातून हीटर घेऊन येतो, मंडळाच्या खोलीत त्याला झोप लागते आणि जाग येते तेव्हा अंगावर कुणीतरी घातलेले दोन स्वेटर असतात. हे सगळे त्या करड्या रात्रीनंतरचे. जग वाचले हे प्रेक्षकाला माहीत आहे. त्याला कळायचे असते ते हे, की क्योनने परतायचे का ठरवले. आणि उत्तर त्याच्याजवळ आधीच साठलेले असते. क्योनला अजून न मिळालेल्या आठवणी प्रेक्षकाला मिळालेल्या असतात.

हे मला बुद्धीने पटले, मनाला लागले नाही. मी ते दुसऱ्यांदा पाहत होतो. ९३ अब्जांची ओळ कुणी माझ्यासाठी पुरी केली तरी तिच्यातला पहिला क्रम एकदाच पहिला असतो, आणि माझा खर्च झाला होता.

२००९ च्या नव्या भागांत या दुःखाचीच गोष्ट आहे. उन्हाळी सुट्टीचे अखेरचे दोन आठवडे पुन्हा पुन्हा फिरत राहतात, तब्बल १५,५३२ वेळा. इतरांना प्रत्येक खेप नवी. नागातोला मात्र सगळ्या आठवतात, जवळपास सहाशे वर्षांच्या. निर्मात्यांनी ही एकच गोष्ट सलग आठ भागांत आठ वेळा दाखवली. चित्रे दर वेळी नवी, आवाज नव्याने दिलेले, घटना त्याच. प्रेक्षक संतापले. पण त्यानंतर, फेब्रुवारी २०१० मध्ये आलेल्या चित्रपटात ही अबोल मुलगी एका रात्री सारे जग उलटवते. त्यामागचा शिणवटा आठ भाग सोसलेल्यालाच उमजतो.

तेव्हा भाचीला मी दिलेला क्रम असा: आधी २००६ चे १४ भाग, प्रक्षेपणाच्या क्रमाने. मग २००९ चे नवे १४, त्यांतले आठही न गाळता. शेवटी चित्रपट. कारण विचारायचे नाही, एवढी अट.

पहिला भाग संपल्यावर ती म्हणाली, "मामा, तुझी फाइल बिघडलीय." मी पेपर वाचत राहिलो. पाचव्या दिवशी चौदावा भाग झाला. श्रेयनामावली संपली तरी ती उठली नाही. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्यांची ती बेसबॉलची मॅच… ती याच्यानंतरची होती?"

मी हो म्हणालो. तिने रिमोट उचलला आणि चौथा भाग पुन्हा लावला. मीही खुर्ची ओढून शेजारी बसलो.