आटलेल्या तळ्यात मासे कुठून येतात?

खटाव, माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत शाळेपासून मैल-दोन मैलांवर एखादा पाझर तलाव बहुधा असतोच. अनेक तलाव मार्च-एप्रिलमध्ये कोरडे पडतात. तळाच्या गाळाला भेगा पडतात, त्यावर शेळ्या फिरतात, पोरे क्रिकेट खेळतात. पुढे पाऊस होऊन पाणी साचले, की महिना-दोन महिन्यांत तीच पोरे ज्वारीच्या ताटाचा तुकडा दोऱ्याला बांधून, गळाला गांडूळ लावून काठावर बसलेली दिसतात. आणि त्यांना मासे मिळतातही. मग वर्गात एखादा विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, तळ्यात तर पाणीच नव्हतं. मग मासे आले कुठून?”

हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी अ‍ॅरिस्टॉटलने आशिया मायनरमधील क्निडस गावाजवळच्या एका तळ्याची ऐकीव हकिकत नोंदवून ठेवली आहे. ऐन उन्हाळ्यात ते तळे आटले, त्यातला गाळही उपसून काढला; तरी पहिल्या पावसाचे पाणी साचताच त्यात बारीक माशांचे थवे दिसले. यावरून काही मासे चिखलातून आपोआप उत्पन्न होतात, असे त्याने ठरवले. आज आपल्याला या निष्कर्षाचे हसू येईल. पण माहितीत खोट नव्हती. तळे आटल्यापासून भरेपर्यंत मधल्या काळात काय घडते, ते कोणी पाहिले नव्हते इतकेच. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेदीने मांसाच्या बरण्यांवर कापड बांधून दाखवले, की अळ्या मांसातून नव्हे, माशीच्या अंड्यांतून येतात. तळ्यातल्या माशांसाठी मात्र असा सोपा प्रयोग कोणाला सुचला नाही.

उत्तराचा एक भाग तळ्यांच्याच देशात सापडला. सिलोनमध्ये सरकारी अधिकारी असलेल्या इमर्सन टेनंट यांनी १८५९ साली त्या बेटावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात आटलेल्या तलावांचा चिखल खणून गावकरी जिवंत मासे काढतात, हे त्यांनी त्यात लिहिले. गावकऱ्यांना ही गोष्ट अर्थातच पूर्वीपासून ठाऊक होती.

आपल्याकडे हे साधणारा मासा म्हणजे मरळ. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेची पोकळी असते. तो मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. येऊ दिले नाही, तर पाण्यात असूनही गुदमरतो. मागुराला याच कामासाठी फांद्याफांद्यांचे वेगळे इंद्रिय असते. पाणी संपत आले, की असे मासे ओल्या चिखलात शिरून राहतात. ओल टिकली तर ते तगतात. गाळ खोलवर वाळला तर मरतात. म्हणून तळ्याचा सर्वांत खोल, शेवटपर्यंत ओला राहणारा कोपरा फार मोलाचा.

दुसरी वाट ओढ्याची. पहिल्या पुराबरोबर अंडी घालण्यासाठी अनेक लहान मासे प्रवाहाविरुद्ध वर जातात. त्यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. ओढ्याच्या डोहांत उन्हाळा काढलेले मासे सांडव्यावाटे तळ्यात पोचू शकतात, पण त्यासाठी सांडवा वाहायला हवा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस; त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास, आणि त्यातला बराचसा परतीचा. त्यामुळे एखाद्या वर्षी ही वाट उघडतच नाही. क्निडसच्या तळ्यातला गाळ खरोखरच उपसला असेल, तर तिथले मासेही अशाच कुठल्या वाटेने आले असावेत.

“अंडी मातीत राहत असतील,” असेही विद्यार्थी सुचवतात. आफ्रिकेत काही चिमुकल्या माशांची अंडी कोरड्या गाळात महिनोन्‌महिने टिकतात, हे खरे. पण आपल्या मरळीची किंवा रोहूची अंडी वाळली की संपली.

तिसरी वाट माणसाची. ती समजायला तळ्यांचाच इतिहास पाहावा लागतो. या भागातले राजेवाडी, मायणी, नेर यांसारखे जुने तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. लहान पाझर तलाव मोठ्या संख्येने झाले ते १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर, रोजगार हमीच्या कामांतून. त्या योजनेचे जनक वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि योजनेचा पहिला प्रयोगही १९६५ च्या सुमारास त्याच परिसरात झाला. हे तलाव मासे पाळण्यासाठी नव्हतेच. पाणी जमिनीत मुरून विहिरींना मिळावे, हा त्यांचा हेतू. म्हणजे हा तलाव आटणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

अशा हंगामी पाण्यात भरभर वाढणारा मासा हवा होता. रोहू, कटला, मृगळ हे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले मासे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. म्हणून पावसाळ्यात नदीतून त्यांचे बीज गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांना तळ्यात अंडी घालायला लावले. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रे उभी राहू शकली आणि पिशवीतली बोटुकली खेड्यातल्या तळ्यापर्यंत पोचली. त्याआधी, १९५२ साली, आफ्रिकेतला तिलापिया श्रीलंकेतून भारतात आणला गेला होता. बाजारात त्याला चिलापी म्हणतात. तो मात्र तळ्यातच भराभर वाढतो आणि इतरांना जागा ठेवत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पीही परदेशीच.

आता तळ्याचे वर्ष असे जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठेकेदार किंवा सोसायटी बोटुकली सोडते. थंडीत पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात. फेब्रुवारीनंतर पाणी उतरते, तापते, शेवाळ वाढते. रात्री वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, वापरतात मात्र सगळेच. म्हणून उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. त्याच्या आतच जाळे ओढावे लागते. शेवटी गुडघाभर डबके उरले, की गाव बुट्ट्या घेऊन चिखलात उतरते आणि दिसेल ते नेते.

घोटाळा इथेच होतो. ठेक्याचा मासा पुढच्या वर्षी पिशवीतून परत येतो. चिखलात दडलेली मरळ परत येत नाही. पावसाळ्यात मरळीची नर-मादी आपल्या लालसर पिलांच्या पुंजक्याची राखण करतात. त्या पुंजक्याजवळ गळ टाकला, तर मोठा मासा सहज मिळतो आणि शेकडो पिले उघडी पडतात. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच बंदी घातली. पण शेवटचे डबके सोडण्याचा नियम गावानेच करायचा असतो. गाळ काढताना सर्वांत खोल कोपरा ओला ठेवण्याचाही.

माशांबरोबर नावेही जातात. १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करणाऱ्या कर्नल साइक्सने इथल्या माशांचे वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले, तेव्हा कित्येक जातींना त्याने मराठी नावेच दिली. मळ्याचे ‘मुल्या’ झाले, शिंगटीचे ‘सींगटी’. ही नावे आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आहेत. ती सांगणाऱ्या माणसांची नावे मात्र कोणत्याही माशाला मिळाली नाहीत.

तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये. एक वही करावी. तळ्यात पाणी कधी आले, सांडवा वाहिला का, बीज कोणी व कोणते सोडले, पहिला मासा कधी व कोणता मिळाला, पाणी कधी संपले, हे दरवर्षी लिहावे. गावातल्या जुन्या भोई-कोळ्यांना शाळेत बोलावून त्यांना आठवणारी नावे उतरवून घ्यावीत. आणि या वेळी सांगणाऱ्याचे नावही शेजारी लिहावे. पाच-सहा वर्षांत कोणता मासा कोणत्या वाटेने आला, हे विद्यार्थीच सांगू लागतील. अ‍ॅरिस्टॉटलकडे नेमकी अशी वहीच नव्हती.